रविवारचं ऊन कोणाचं?

डिसेंबर उजाडला की 'लहानसहान गोष्टींत आनंद शोधा' हा उपदेश चहूकडून सुरू होतो. रविवारच्या पुरवण्यांत तो असतो, व्याख्यानमालांत असतो, सकाळी फोनवर येणाऱ्या फुलापानांच्या निरोपांत असतो. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि थंडीच्या दिवसांत आनंद देणाऱ्या गोष्टी भरपूर असतात यातही शंका नाही. माझा आक्षेप त्यामागच्या गृहीतकाला आहे. आनंद तुमच्या पुढ्यातच आहे, तुमची नजर अधू झाली आहे, ती तेवढी सुधारा, असं ते गृहीतक. मला वाटतं, नजर बहुतेकांची शाबूत असते. नाक्यावर बोरांची पाटी आली हे कोणाला दिसत नाही? पहाटे गोधडी डोक्यावरून ओढून घ्यावी असं कोणाला वाटत नाही? तुटवडा आहे तो वेळेचा, आणि हा वेळ आपोआप आटलेला नसतो. तो कोणीतरी घेतलेला असतो. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवसाचा आनंद हा स्वभावाचा कमी आणि वेळेच्या वाटणीचा प्रश्न जास्त आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

आधी या आनंदाबद्दल, कारण तो खरा आहे आणि त्याचं मोल कमी करावं असं मला मुळीच वाटत नाही.

आपल्याकडचा हिवाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. उत्तरेकडून येणारं वारं कोरडं असतं, आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते. पुण्यात, नाशकात पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. या प्रदेशात ऊन हवंहवंसं वाटण्याचा हा एवढाच काळ. एप्रिलमध्ये आपण त्याच उन्हापासून तोंड लपवून पळत असतो. आणखी एक गंमत बघा. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो त्यानंतर, जानेवारीच्या मध्याला. मुंबईत तेव्हा सव्वासात वाजलेले असतात. रविवारी थोडं उशिरा उठणाऱ्यालाही सूर्योदय सापडतो, असा हा एकच ऋतू.

त्यात रस्ते बहरलेले असतात. पुण्यातल्या जुन्या रस्त्यांवर बुचाची लांब देठांची पांढरी फुलं पहाटे सडा घालून ठेवतात. मैदानात, गच्चीवर, अगदी पार्किंगमध्येसुद्धा शेपटी खालीवर करत धोबी पक्षी धावत असतो. तो हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून आलेला पाहुणा असतो. मंडईत मटार, गाजरं, हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, पावटा, ओली हळद, आवळे, पेरू हे सगळं एकाच वेळी येतं आणि बऱ्यापैकी स्वस्त असतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला या साऱ्यांची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करायची, हा रिवाज घालून देणाऱ्यांनी ऋतू ताटात वाढला होता. त्यासाठी कोणाला आनंद शोधायला सांगावं लागलं नाही.

आणि हुरडा. रब्बी ज्वारीचं कणीस दुधाळ अवस्थेतून पुढे सरकतं, दाणा टपोरा पण अजून हिरवा असतो, तेव्हाचे हे मोजके दिवस. दाण्यातल्या साखरेचं पिठूळ स्टार्च होऊ लागलं की गोडी गेली; पुढे ते भाकरीचं धान्य. म्हणून खास हुरड्यासाठी सुरती, गुळभेंडी अशा गोड वाणांच्या चार ओळी शेताच्या कडेला लावून ठेवण्याची पद्धत आहे, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले मधुर'सारखा वाण हुरड्यासाठीच काढला. शेतात वीतभर खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्याला आगटी म्हणतात. ज्वाळा शमून निखारा झाला की त्याच्या गरम राखेत कणसं खोचायची. भाजणारा माणूस जाणता लागतो. कणीस जरा जास्त राहिलं तर दाणा करपून कडक होतो, लवकर काढलं तर कच्चा वास राहतो. बाहेर काढलेलं कणीस तळहातांत धरवत नाही, तरी धरायचं, चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि हिरवे मऊ दाणे शेजारच्याच्या हातावर ओतायचे. बरोबर लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. राखेने काळे झालेले तळवे संध्याकाळपर्यंत तसेच राहतात. रायगडात हेच काम पोपटी करते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं घालून भोवती जाळ.

आता हुरडा पार्ट्यांची पॅकेजं निघाली आहेत. शहरातल्या माणसाने पैसे मोजून शेतावर जावं यात मला काहीच वावगं दिसत नाही. ज्वारी पिकवणाऱ्याच्या हातात चार पैसे पडतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण साडेदहा ते साडेबारा हुरडा, मग बैलगाडी, मग जेवण, असं वेळापत्रक लागलं की हुरड्यातला हुरडा निघून जातो. आगटीभोवतीचं मुख्य सुख हे की कणीस आपल्या गतीने भाजतं आणि माणसाला त्या गतीला यावं लागतं. हात कामात असतात, मन मोकळं असतं. अशाच वेळी वर्षभर न बोललेली भावंडं बोलतात, आजोबा दुष्काळातल्या आठवणी काढतात, पोरगा शिक्षण सोडायचं म्हणतोय हे वडिलांना पहिल्यांदा कळतं. ज्याला आपण प्रेरणा म्हणतो, ती नवी कल्पना, अडलेल्या कामाचा सुचलेला मार्ग, तीही अशाच अवस्थेत येते. तिला बोलावून आणता येत नाही. ती येईल एवढी जागा मोकळी ठेवता येते.

या मोकळ्या जागेवर पहिलं अतिक्रमण उपयुक्ततेचं होतं. गच्चीत उन्हात बसलेला माणूस हल्ली लगेच सांगतो की मी ड जीवनसत्त्व घेतोय. वस्तुस्थिती अशी की सकाळच्या कोवळ्या, तिरप्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच कमी असतात. ते काम दुपारचं चढलेलं ऊन करतं. म्हणजे हे समर्थन चुकीचंही आहे आणि अनावश्यकही. फिरायला गेलो तर पावलांचा हिशेब, पुस्तक वाचलं तर व्यक्तिमत्त्व विकास, गाणं ऐकलं तर ताणमुक्ती. प्रत्येक सुखाला पावती जोडल्याशिवाय आपल्याला ते घेववत नाही. मला हे गंभीर वाटतं, कारण ज्या दिवशी आपण मान्य करतो की विश्रांती ही पुढच्या कामाची तयारी म्हणूनच क्षम्य आहे, त्या दिवशी सुट्टीसुद्धा मालकाची होते. उन्हात बसायला बरं वाटतं. एवढं कारण पुरेसं आहे, आणि ते मोठ्याने सांगता आलं पाहिजे.

तसं मोठ्याने सांगणारी माणसं या मुंबईत होऊन गेली. आपण ज्या रविवारी लोळत पडतो तो पंचांगाने दिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या कापड गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, आणि कुठे सुट्टी मिळालीच तरी त्यातला वेळ यंत्रं पुसण्यात जाई. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक, यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे गेलं. त्यातल्या मागण्या आज वाचताना अंगावर काटा येतो, इतक्या त्या साध्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायद्यानेही आठवड्याची सुट्टी दिली. मराठी मुलखात रविवार हा खंडोबाचा वार, म्हणजे देवाला तो आधीपासून होता. माणसाला तो मिळायला निवेदनं, सभा आणि सहा वर्षं लागली.

मी हा इतिहास आठवतो तो अभिमानासाठी नव्हे. त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. त्या साडेपाच हजारांपैकी कोणीही कामगाराची नजर सुधारा असं म्हणाला नाही. त्यांनी तास मागितले. तास मिळाल्यावर त्यांचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. गिरणगावात भजनी मंडळं, आखाडे, तमाशाचे फड, वाचनालयं उभी राहिली ती अशाच सुटलेल्या तासांतून.

मात्र हा रविवार घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. स्वयंपाकघरात तो आजही पुरता शिरलेला नाही. हिवाळ्यातली आपली आवडती सुखं एकेक करून आठवून पाहा. मटाराच्या करंज्या, गाजराचा हलवा, उंधियो, तिळाचे लाडू, भरली वांगी. यातलं प्रत्येक सुख सोलायचं, किसायचं, चिरायचं, भाजायचं असतं. पाच किलो मटार आणला की त्याच्या शेंगांचा ढीग जेवणाच्या टेबलावर किती होतो हे ज्याने सोलला त्यालाच कळतं. अंगठ्याचं नख शेंगेच्या शिरेत घालायचं, दाबायचं, दाणे पातेल्यात, टरफल बाजूला. पहिल्या पन्नास शेंगा होईतो गोडी वाटते, मध्येच चार दाणे तोंडात जातात. मग नखाखाली हिरवं साचतं, अंगठा हुळहुळायला लागतो, आणि ढीग अजून निम्माही झालेला नसतो. चौघं मिळून गच्चीत उन्हाला बसले तर याच कामात तासभर गप्पा होतात आणि ढीग कधी संपला ते कळत नाही. एकटी बाई आत बसून सोलत असेल आणि बाहेरून 'झालं का गं' असा आवाज येत असेल, तर ती मजुरी आहे. शेंगा त्याच, ऊन तेच.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. जवळपास पाच तास आणि दीड तास. स्त्रीचा रविवार कुठे जातो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. अशा बाईला कोणी क्षणात आनंद शोधायला सांगितलं तर तिने तो कोणत्या मिनिटात शोधावा?

घराबाहेर तर चित्र आणखी कठोर आहे. आपल्या सुखाचा हा ऋतू म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम. दिवाळी आटोपली की मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, कुटुंबंच्या कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. गाडी भरायची असेल तर काळोखात, दवाने भिजलेल्या फडात उतरायचं. ज्या पहाटे आपण गोधडीत आणखी अर्धा तास मिळाला म्हणून सुखावतो, त्याच पहाटे तिथे बाईची बोटं पात्यांनी चिरलेली असतात. कामाला न गेलेल्या दिवसाचा खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. आजारपणाला रविवार नाही, बाळंतपणालाही जवळजवळ नाही. तिळगुळातला गूळ आणि चहातली साखर याच फडांतून येते, म्हणून हा विषय हिवाळ्यातल्या सुखाच्या लेखात अवांतर नाही. निफाडच्या बागाईतदाराचंही तसंच. पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपण त्या बातमीचा फोटो एकमेकांना पाठवतो. तो मात्र द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून भल्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवत फिरत असतो.

यावर एक सबळ आक्षेप येईल, आणि मी तो टाळणार नाही. बहिणाबाई चौधरींना कुठला रविवार होता? शेतात, घरात, जात्यावर राबतानाच त्यांना गाणी सुचली. त्यांच्याही आधी शतकानुशतकं पहाटेच्या थंडीत दळता दळता बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. तेव्हा प्रेरणेला फुरसत लागतेच कुठे?

आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. हात चालत असताना मन चालतं, हे मी हुरड्याच्या बाबतीत म्हणालोच. पण जात्याची गती दळणारीच्या हातात होती. समोर बहुधा जोडीदारीण होती, पहाटेच्या त्या प्रहरी पुरुष जवळपास नसत, आणि ओवीत सासरबद्दल मनातलं बोलता येत असे. कष्ट भयंकर होते, पिठाची गिरणी आल्यावर बायका सुटल्या यात वाद नाही. तरी त्या कष्टात एक खासगी तास होता. खाडा धरणाऱ्या मुकादमाच्या कामात तो नाही. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या पोराच्या मोबाइलवर पळणाऱ्या काट्यात तो नाही. आणि दुसरी गोष्ट: बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत पोचली ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ती लिहून घेतली म्हणून, पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. सुचण्यासाठी कदाचित फुरसत लागत नसेल. ते टिकवायला कोणाची तरी फुरसत लागते. ज्यांच्या घरात लिहून घेणारं कोणी नव्हतं, अशा किती बहिणाबाई जात्यापाशीच संपल्या, याचा अंदाज करवत नाही.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. मराठी वाचकाला महिन्या-महिन्याने निसर्ग बघायला शिकवणारं हे पुस्तक एका विदुषीने लिहिलं, जिने झाडापाशी, आभाळापाशी थांबून राहण्याला काम मानलं. आज तेवढं थांबणं कोणाला परवडतं? ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांबद्दलचं आणि रविवारीही कामावर बोलवावंसं वाटण्याबद्दलचं बोलणं देशभर गाजलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. जादा कामाला जादा मोबदला आहे, हे खरं. पण बारा तास आणि वर जाण्यायेण्याचे दोन-तीन तास धरले की हिवाळ्यात माणूस ऊन बघतो ते बसच्या खिडकीतून. ज्या राज्यात लोखंड्यांनी सूर्यास्ताला काम थांबवा म्हणून सह्या गोळा केल्या, तिथे ही दिशा मला उलटी वाटते. मला ती मान्य नाही.

म्हणून या हिवाळ्यात आनंदाबद्दल बोलायचं तर तासांबद्दल बोलू या. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. तो मिळाल्याने सुखावलेल्यांनी आपल्याच कार्यालयातल्या कंत्राटी सफाई कामगाराचा आठवडा किती दिवसांचा आहे ते विचारावं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती हा त्याच्या कक्षेतल्या कामगाराचा हक्क आहे. घरकाम करणाऱ्या बाईला महिन्यातले चार रविवार पगार न कापता देणं आपल्या हातात आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मटार सोलायला घरातल्या सगळ्यांनी बसणं त्याहून सोपं आहे.

आणि सोसायटीच्या फाटकाशी शेकोटीवर हात धरून बसलेला जो रखवालदार आहे, त्याला आठवड्याची सुट्टी आहे की नाही, हे येत्या सभेत विचारा. नसेल तर बदली माणसाचा खर्च घरटी किती येतो ते तिथेच काढा आणि ठराव करून घ्या.